क्रीट बेटावरचा 'मराथी' किनारा : लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन कुणी गेलंय का?

ओली_वाळू
नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकजवळ राहतो. बायर्नच्या शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतात, त्याआधीच्या आठवड्यात ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचं ठरतंय. माणसं सहा. आम्ही दोघं, मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा आणि पुण्याहून आलेले सासूसासरे.

ज्याला विचारावं तो 'एलाफोनीसी, गुलाबी वाळू!' म्हणतो. फोटो खरंच वेड लावणारे आहेत. पण नकाशा बघताना हानिया विमानतळाच्या अगदी जवळ एक किनारा दिसला, नाव 'मराथी'. नवऱ्याने ते 'मराठी' असं वाचलं आणि आता त्याला दुसरीकडे कुठे जायचंच नाहीये.

माझी अडचण अशी की सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगा पाणी दिसलं की हात सोडून पळतो, आणि घरात तिघं शुद्ध शाकाहारी. त्यातून सासूबाईंचं माहेर गुहागरचं. समुद्र घरामागे, पण लहानपणी मुलींना पाण्यात जाऊ देत नसत, त्यामुळे घोट्यापलीकडे पाय कधी भिजले नाहीत. त्यांना एकदा तरी नीट पाण्यात उभं करायचं आहे. तर कुणी या मराथीला गेलंय का? उथळ आहे का? वाळूच आहे ना, की गोटे?

पाटीवरचा_पेरू
रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या वर्षी आम्हालाही जायचंय.

घाटमाथा
नाव वाचून थक्क झालो. आपली माणसं तिथवर कधी पोचली? सातवाहनांचा रोमशी व्यापार होताच. अगदीच अशक्य नाही.

शब्दवेल्हाळ
घाटमाथा, मोह होतो खरा, पण नाही. ग्रीकमध्ये 'माराथो' म्हणजे बडीशेप. जिथे रानबडीशेप माजते त्या जागेला 'माराथी', 'माराथोनास' अशी नावं पडतात. मॅरेथॉन शर्यत ज्या मैदानावरून आली त्याचंही नाव याच बडीशेपेवरून. आपलं 'मराठी' आलं महाराष्ट्री, मरहट्टी या वाटेने. दोन्ही शब्द वेगवेगळ्या गावचे, चेहरे तेवढे सारखे. शिवाय त्यांचा उच्चार 'मराथी', आणि जोर मधल्या 'रा'वर.

घाटमाथा
म्हणजे शर्यतीचं नाव बडीशेपेवरून! जेवण झाल्यावर आता दर वेळी हे आठवणार. धन्यवाद.

दोन_डबे_एक_छत्री
ओली_वाळू, आम्ही गेलोय, २०२३ च्या जूनमध्ये, मुलगी तेव्हा ४ वर्षांची. सविस्तर लिहिते.

मराथी हे हानियाच्या पूर्वेला, आक्रोतीरी द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाला, सूदाच्या आखाताच्या तोंडाशी आहे. विमानतळ याच द्वीपकल्पावर असल्यामुळे तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. किनारा मोठा नाही हे आधीच सांगते. मध्ये छोटा धक्का, त्याला मासेमारीच्या होड्या बांधलेल्या, आणि धक्क्याच्या दोन बाजूंना दोन छोट्या पुळणी. वाळू बारीक आणि फिकट. पाण्यात बरंच आत गेलं तरी मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर पाणी येत नाही. समोर आखात, आणि पलीकडे लेफ्का ओरी म्हणजे 'पांढरे डोंगर'. जूनच्या सुरुवातीला त्यांच्या माथ्यावर बर्फाचे दोन-चार पट्टे अजून दिसत होते आणि आम्ही इथे पाण्यात.

सावलीला वाळूच्या कडेने आर्मिरीकीची झाडं आहेत. लांबून आपल्या सुरूसारखी वाटतात, पण ठेंगणी आणि पसरट. भाड्याच्या छत्र्या, खाटा आहेतच, पण झाडाखाली चादर अंथरून बसलं तरी कुणी हटकत नाही. खानावळी वाळूला लागूनच, आजी-आजोबा खुर्चीवर बसून मुलांवर नजर ठेवू शकतात. गुडघेदुखीवाल्यांना हे फार मोठं सुख आहे. गाडीपासून पाण्यापर्यंत पायऱ्या नाहीत, चढउतार नाही.

तोटा एकच. जागा लहान असल्यामुळे रविवारी हानियाचे लोक मुलाबाळांसकट येतात आणि अकरानंतर गाडी लावायला जागा उरत नाही. सकाळी नवाला पोचा.

सह्यकडा
मी थोडं वेगळं मत मांडतो. क्रीटला जाऊन एलाफोनीसी न पाहणं मला पटत नाही. तिथलं पाणी मराथीपेक्षाही उथळ आहे. समोरच्या बेटापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. वाळूचा गुलाबी रंग फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचांच्या चुऱ्यामुळे येतो, पाण्याच्या कडेला तो जास्त उठून दिसतो. माझ्या मुलांनी ते भिंगातून पाहिलं आणि आजही सांगतात. (वाळू बाटलीत भरून आणू नका. ते संरक्षित क्षेत्र आहे आणि वाळू नेण्यास बंदी आहे.)

दोन_डबे_एक_छत्री
सह्यकडा, सुंदर आहे यात वादच नाही, आम्हीही गेलो होतो. पण धागा कुणासाठी आहे ते बघा ना. हानियाहून ७५ किलोमीटर, घाटाचा वळणावळणाचा रस्ता, जायला किमान दीड तास. माझ्या मुलीला वाटेत दोनदा उलटी झाली. पोचल्यावर वाऱ्याने वाळू अशी उडत होती की पिंढऱ्यांना टोचत होती. तीन वर्षांचा मुलगा आणि दुखरे गुडघे घेऊन तो दिवस मी तरी आखणार नाही.

सह्यकडा
वाऱ्याचा मुद्दा मान्य. आमच्या दिवशी वारा पडलेला होता, म्हणून कदाचित माझ्या मनात ते चित्र इतकं गोड आहे.

डोलकाठी
मी व्यापारी जहाजांवर २२ वर्षं काढली, भूमध्य समुद्रात अनेकदा. वाऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण या समुद्रावर किनारा निवडताना फोटोआधी वारा बघायचा असतो.

उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा दिवसच्या दिवस थांबत नाही. क्रीटचा उत्तर किनारा त्याला तोंड देऊन उभा आहे, त्यामुळे तिकडच्या लांबलचक पुळणींवर त्या दिवसांत लाटा चांगल्याच येतात. मराथी मात्र आक्रोतीरीच्या पाठीशी, आखाताच्या तोंडाच्या आत लपलेलं आहे. उत्तरेचा वारा जमिनीवरून येतो, पाण्याला उसळायला जागाच मिळत नाही. तिथल्या होड्या बघा. कोळी जिथे होडी बांधतो तिथे मूल खेळवायला हरकत नसते, हा माझा अनुभव. फक्त हवेने फुगवायच्या गाद्या, बदकं मुलांना देऊ नका. जमिनीवरून वाहणारा वारा ती सरळ आत ओढून नेतो आणि किनाऱ्यावरून पाणी शांतच दिसत राहतं.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. क्रीटला फरक पडतो तो वीत-दीड वीत. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे, जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी १४ किलोमीटरच्या आसपास. अटलांटिकची भरती त्या फटीतून कितीशी आत येणार? आणि स्वतःची मोठी भरती उठवायला हा समुद्र लहान पडतो. व्हेनिसकडे आणि ट्युनिशियाच्या गाबेसच्या आखातात ती थोडी जाणवते, एरवी नाही. त्यामुळे सकाळी जिथे चादर अंथराल तिथे संध्याकाळीही कोरडीच.

चिवड्यातला_दाणा
म्हणजे मुलांनी बांधलेला किल्ला दुसऱ्या दिवशी जागेवर असतो? आमच्या मुरुडच्या किल्ल्यांना कधी संध्याकाळ दिसली नाही!

दोन_डबे_एक_छत्री
होय! आमच्या किल्ल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी शंख लावून ठेवले होते. लेकीला वाटलं, किल्ल्यात रात्री कुणी राहून गेलं.

कोकणकन्या_७१
मला हे सगळं वाचून प्रश्न पडतो. लाट नाही, भरती नाही, गाज नाही. तो समुद्र की तलाव? दिवेआगर, वेळास, गुहागर सोडून लोक हजारो मैल जातात आणि आपल्या पाण्याला 'गढूळ' म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं.

डोलकाठी
कोकणकन्याताई, तुमचं वाईट वाटणं कळतं. मी हर्णैचा आहे. पण पाण्याची बाजू सांगतो. क्रीटच्या भोवतीचं पाणी इतकं नितळ आहे कारण ते उपाशी पाणी आहे. मोठ्या नद्या नाहीत, गाळ नाही, पोषक द्रव्यं कमी, म्हणून तरंगते सूक्ष्म जीवही कमी. काहीच नसल्यामुळे तळ दिसतो. आपल्या किनाऱ्याला सह्याद्रीचा सगळा पाऊस माती घेऊन येतो, भरती तळ ढवळते, म्हणून पाणी गढूळ आणि म्हणूनच बांगडा, सुरमई, कोळंबी. आपलं पाणी भरल्या घरासारखं आहे. लहान मुलाला पहिल्यांदा पाण्याशी ओळख करून द्यायला मात्र त्यांचं पाणी सोपं, एवढंच.

खारटपणाही वेगळा. तिकडे लिटरमागे ३८-३९ ग्रॅम मीठ, आपल्याकडे ३५-३६. ऊन जास्त, पाऊस आणि नद्या कमी, म्हणून पाणी आटून मीठ उरतं. अंग किंचित हलकं वाटतं, पण डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. मुलांना पोहण्याचे चष्मे घ्या.

कोकणकन्या_७१
'भरल्या घरासारखं'. हे मी वहीत लिहून ठेवणार.

पानगी
ओली_वाळू, शाकाहाराची काळजी सोड. मी तीन वेळा क्रीटला गेले आहे आणि मांसमच्छी खात नाही. दाकोस माग : जवाची कडक भाकरी, तिच्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि भरपूर ऑलिव्ह तेल. हानियाचं खास म्हणजे बुरेकी, त्यात बटाटा, झुकिनी, चीज आणि पुदिना. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या म्हणजे येमिस्ता. फावा म्हणजे चक्क घट्ट पिवळं वरण, वर कांदा आणि तेल. सासऱ्यांना फावा आणि भात मिळाला की ते घरीच आहेत असं समज.

एक शब्द पाठ कर : 'निस्तिसिमो', म्हणजे उपासाचं. त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध चालत नाही. पण सावध राहा, कोळंबी, शिंपल्या, ऑक्टोपस चालतात! म्हणून 'निस्तिसिमो' म्हणून थांबू नकोस, 'होरिस थालासिना' म्हणजे समुद्रातलं काही नको, हेही सांग.

आणि नावाचा विषय निघालाच आहे तर हानियाकडची माराथोपिता चुकवू नकोस. बडीशेपेचा पाला चिरून पातळ पारीत भरतात आणि तव्यावर जरा तेल सोडून भाजतात. माझ्या आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, 'अगं, हा तर पराठा!'

पाटीवरचा_पेरू
बडीशेपेचा पाला म्हणजे... शेपू? मग आमच्या घरातून दोन मतं वजा.

पानगी
नाही रे बाबा! शेपू वेगळा, त्याला ते 'आनिथो' म्हणतात. माराथोची चव गोडसर, मुखवासाच्या बडीशेपेची आठवण करून देणारी. शेपू न आवडणाऱ्या माझ्या भावाने तीन खाल्ल्या.

कोकणकन्या_७१
शेपू न आवडणाऱ्यांनी मूगडाळ आणि लसूण घालून केलेली भाजी खाल्लेली नसते. यावर वेगळा धागा काढायला मी तयार आहे.

शब्दवेल्हाळ
शेपूवर दोन धागे आधीच आहेत आणि दोन्हीकडे युद्ध झालं होतं. इथे समुद्रावरच राहू या.

खडीसाखर_डॉक्टर
बालरोगतज्ज्ञ म्हणून चार ओळी. तळाच्या खडकांवर समुद्री साळिंदर असतात, काळे काटेरी गोळे, म्हणून धक्क्याच्या आणि खडकांच्या बाजूला रबरी बूट घालूनच उतरवा. भूमध्य समुद्रात उथळ वाळूत पुरून बसणारा एक काटेरी मासाही आढळतो, ग्रीक त्याला 'द्राकेना' म्हणतात. क्वचित पायाखाली येतो, वेदना फार होतात. अशा वेळी पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. आधी मोठ्या माणसाने हाताने पाणी तपासावं, मुलाला भाजू नये. श्वास लागला, अंगावर गांधी आल्या, सूज वाढत गेली तर थेट ११२ ला फोन करा.

साधी पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मूल नेहमी हाताच्या अंतरावर. पाणी घोट्याइतकं असलं तरी. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पाळी लावा, अमुक वेळ अमक्याची.

दुपारी बारा ते चार सावलीत. सावळ्या कातडीलाही ऊन भाजतं.

मधली_सुट्टी
एक गोंधळ टाळा. नकाशावर 'मराथी' दोन येतात. दुसरं मराथी हे दोदेकानीस बेटांमध्ये, पाटमोसच्या पूर्वेला, आर्की बेटाशेजारचं चिमुकलं बेट आहे. तिथेही वाळूचा किनारा आहे! माझ्या मित्राने त्या मराथीचे फोटो बघून या मराथीची खोली ठरवली. दोन्ही छान, पण मध्ये अख्खा समुद्र आहे.

सह्यकडा
अवांतर : सूदाच्या आखाताच्या तोंडाशी एका बेटावर व्हेनिसवाल्यांचा किल्ला आहे. १६६९ मध्ये कांदिया म्हणजे आजचं इराक्लिओ पडलं आणि क्रीट ऑटोमनांच्या हाती गेलं, पण सूदाचा किल्ला त्यानंतरही व्हेनिसकडेच राहिला, थेट १७१५ पर्यंत. मुख्य भूमी गेली तरी पाण्यातला किल्ला तगून राहिला. जंजिरा आठवला की नाही? आपला 'जंजिरा' शब्दही अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे बेटच.

डोलकाठी
चांगली आठवण काढलीत. त्याच आखातात आज नौदलाचा मोठा तळ आहे. तळाच्या दिशेने फोटो काढू नका, तशा पाट्या असतात आणि पोलीस त्या गांभीर्याने घेतात.

ओली_वाळू
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! एक विचारायचं राहिलं. कपड्यांचं काय? सासूबाई पोहण्याचा पोशाख घालणार नाहीत, आणि तिथे सगळे तोकड्या कपड्यांत असणार. त्यांना अवघडल्यासारखं होईल का?

पानगी
माझ्या आईने पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि लेगिंग घातली होती. सुती सलवार नको, भिजली की जड होते आणि पायात गुंडाळते. अवघडलेपण पहिली दहा मिनिटं. मग तिने बघितलं की तिथल्या आज्या, 'याया' म्हणतात त्यांना, टोपी घालून कमरेइतक्या पाण्यात गोल करून उभ्या असतात आणि तासन्‌तास गप्पा मारतात. पोहत नाहीत. नुसत्या उभ्या, जशा आपल्याकडे देवळाच्या पारावर बसतात. तुझ्या सासूबाईंना हेच दाखव.

दोन_डबे_एक_छत्री
पानगीला अनुमोदन. आणि वाळूच्या कडेला तपकिरी, कागदी पट्ट्यांसारखा पाला साचलेला दिसला तर कचरा समजून नाक मुरडू नका. ते पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत, शेवाळ नव्हे, त्याला फुलंसुद्धा येतात. लाटांनी वाळू वाहून जाऊ नये म्हणून त्या ढिगांचा उपयोग होतो. मुलांना ते उचलून डोक्यावर ठेवायला फार आवडतं.

ओली_वाळू
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, जाऊन आलो! सहा दिवसांत मराथीला चार वेळा गेलो. एलाफोनीसीला गेलोच नाही. सह्यकडा, रागावू नका, मुलं मोठी झाल्यावर नक्की.

पाणी अगदी सांगितलं तसं. मुलगा पहिल्या दिवशी हात सोडून पळाला आणि वीस पावलं गेल्यावरही पाणी त्याच्या मांडीइतकंच. मी मागे होतेच, डॉक्टरांनी सांगितलेली पाळी कागदावर लिहून फ्रिजवर लावली होती. तिसऱ्या दिवशी बाहेर जोराचा वारा होता, स्ताव्रोस या दुसऱ्या किनाऱ्यावर जायला निघालेलो परत फिरलो आणि मराथीला आलो, तर इथे छत्रीची झालर तेवढी हलत होती. डोलकाठीकाका, त्या दिवशी तुमची आठवण सगळ्यांनी काढली.

सासूबाई पहिल्या दिवशी खानावळीच्या खुर्चीतून उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी माझा हात धरून गुडघ्यापर्यंत आल्या, आणि तेवढ्यात शेजारच्या घोळक्यातल्या एका आजींनी त्यांच्याकडे बघून हाताने 'या, या' अशी खूण केली. भाषा कुणाला कुणाची येत नव्हती. सासूबाईंनी मला विचारलं, मी कुठली सांगू? मी म्हटलं, सांगा मराठी. त्यांनी छातीवर हात ठेवून 'मराठी' म्हटलं. त्या आजी पायाखालच्या वाळूकडे बोट दाखवून 'मराथी, मराथी' करून हसायला लागल्या. त्यांना वाटलं या इथल्याच गावच्या म्हणतायत. पुढचा तासभर सासूबाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. गुडघा दुखला नाही म्हणाल्या. रात्री फोनवर गुहागरच्या मावशींना सगळं सांगताना रडल्या थोड्या.

सासरे रोज फावा. माराथोपिता दोनदा खाल्ली, पाटीवरचा_पेरू, शेपूची चव अजिबात नाही.

कोकणकन्या_७१
वाचताना डोळे भरून आले. आता पुढच्या मे महिन्यात त्यांना गुहागरला न्या, सकाळी, लाट लहान असते तेव्हा. सुरूच्या बनाकडून उतरा, आणि स्थानिक माणसाला विचारूनच पाण्यात जा.

ओली_वाळू
ताई, तिकिटं बघायला घेतलीच आहेत. तुम्ही तिथे असाल का मे महिन्यात?

कोकणकन्या_७१
असणार. आंबे घेऊन येते.

पाटीवरचा_पेरू
पानगी, त्या माराथोपिताची कृती टाकाच. कुंडीत बडीशेप पेरली आहे.